जॉन पोस्टेल : मेल सर्व्हरच्या एररमागचा माणूस

नवा मेल सर्व्हर सेटअप करायला घेतला की पहिल्याच दिवशी डोकं फिरतं. सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालेलं असतं, सर्व्हिस चालू दिसते, पण मेल काही जात नाही. लॉग उघडला की ५५०, ४५०, पोर्ट २५ असे आकडे समोर येतात. हे आकडे ज्यांनी नियमात बसवले, त्या जॉन पोस्टेल यांच्याबद्दल आज जाणून घेऊया. त्यांचं काम समजलं की तुमचा लॉगही समजेल.

विद्यार्थी ते नोंदवहीचा मालक

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात झाला. ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकत होते. इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क म्हणजे अर्पानेट. त्याचं पहिलं केंद्र १९६९ मध्ये याच विद्यापीठात सुरू झालं आणि पोस्टेल त्या टीममध्ये होते.

नेटवर्कचे नियम ज्या कागदपत्रांत लिहिले जातात, त्यांना आरएफसी म्हणतात. पोस्टेल यांनी जवळपास तीस वर्षं, अगदी शेवटपर्यंत, त्यांचं संपादन केलं. कोणत्या कामाला कोणता पोर्ट नंबर द्यायचा, याची नोंदही तेच ठेवायचे. लांब दाढी आणि पायात सँडल, असा त्यांचा साधा अवतार असे.

१९८२ : मेलचे नियम

ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांनी आरएफसी ८२१ लिहिला. एसएमटीपी म्हणतात ते हेच. दोन सर्व्हरनी एकमेकांशी कसं बोलायचं, हे त्यात ठरलं. प्रत्येक उत्तर तीन आकड्यांचं असतं आणि खरी गंमत पहिल्या आकड्यात आहे:

- २ ने सुरू : काम झालं.
- ४ ने सुरू : आत्ता जमत नाही, नंतर या. सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, उगाच सेटिंग बदलू नका.
- ५ ने सुरू : नाही म्हणजे नाही. पत्ता चुकलाय, मेलबॉक्स नाही किंवा समोरच्याने तुम्हाला नाकारलंय.

आणि आकडाच आला नाही, नुसताच टाइमआउट झाला तर? मग बहुतेक वेळा पोर्ट २५ बंद असतो. स्पॅम रोखण्यासाठी अनेक क्लाउड कंपन्या तो बाहेर जाणाऱ्या मेलसाठी बंदच ठेवतात. अशा वेळी सॉफ्टवेअर दहा वेळा रीइन्स्टॉल केलं तरी काही उपयोग होत नाही.

राहून गेलेली फट

नको असलेले मेल नाकारायची सोय यंत्राकडे नाही, ही अडचण पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्येच आरएफसी ७०६ मध्ये मांडली होती. तरी १९८२ च्या नियमात पाठवणारा खरा कोण, हे तपासलं जात नव्हतं. तेव्हा नेटवर्क छोटं होतं आणि त्यावर मुख्यतः संशोधक मंडळी होती. पाठवताना काटेकोर राहायचं आणि स्वीकारताना उदार, हे पोस्टेल यांचं तत्त्व होतं. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकली. पुढे स्पॅमवाल्यांनी याच मोकळेपणाचा फायदा घेतला. म्हणून आज नव्या सर्व्हरला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तीन रेकॉर्ड्स डीएनएसमध्ये टाकावी लागतात. ती नसतील तर तुमचा मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो किंवा थेट ५५० येऊ शकतो.

१९९८ : एक मेल आणि मोठा प्रश्न

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी डीएनएसचे रूट सर्व्हर चालवणाऱ्यांपैकी आठ जणांना मेल पाठवला : माहिती सरकारी कंत्राटावरच्या मूळ सर्व्हरऐवजी माझ्या सर्व्हरकडून घ्या. त्यांनी ते ऐकलं! अमेरिकन सरकारने आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच सगळं पूर्ववत झालं. पोस्टेल यांनी याला चाचणी म्हटलं. पण इंटरनेटची किल्ली एका माणसाच्या शब्दावर चालते की सरकारच्या, हा प्रश्न जगासमोर आलाच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली.

१६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ५५ व्या वर्षी पोस्टेल यांचं निधन झालं. त्यांची नोंदवही आता आयकॅन सांभाळते. आरएफसी ८२१ ची जागा नव्या आवृत्त्यांनी घेतली, पण पोर्ट २५ आणि ते तीन आकडे अजून तसेच आहेत. त्यामुळे मेल अडकला की रीइन्स्टॉल करण्याआधी लॉगमधला पहिला आकडा वाचा.