शाहू महाराज आणि थोरला दवाखाना

कोल्हापूर शहराच्या मध्यभागी एक जुनी दगडी इमारत आहे. कागदोपत्री तिचे नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. पण गावातली वडीलधारी माणसे तिला 'थोरला दवाखाना' म्हणतात. संस्थानच्या काळात ते आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते. शाहू महाराजांच्या कारभाराची गोष्ट या दवाखान्याशी जोडलेली आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

दोनच वर्षांनी दुष्काळ पडला, आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग आला. मुंबईत ही साथ १८९६ साली सुरू झाली होती. पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडती घेऊ लागले, तेव्हा लोक आजारापेक्षा त्या झडतीलाच अधिक घाबरले व आजारी माणसांना लपवू लागले. माणूस लपला की साथ वाढते. कोल्हापुरात महाराजांनी रयतेला समजावण्यावर भर दिला. साथीच्या गावांतील लोकांना घरे सोडून रानात झोपड्यांत राहायला सांगितले. गरिबांना झोपड्या उभारायला दरबाराने मदत केली. बाहेरून येणाऱ्यांची तपासणी होई, आणि लस टोचून घ्या असा आग्रह धरला जाई. घर का सोडायचे? मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा माणसाला चावतात आणि प्लेग पसरतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या वेळी मात्र भरल्या घराला कुलूप लावून रानात जाणे लोकांच्या जिवावर येई.

दवाखाना होता, डॉक्टर होते, तरी सगळेच तिथे येत नसत. पुरुष डॉक्टरांसमोर जायला बायका तयार नसत. बाळंतपणे घरीच होत. कृष्णाबाई केळवकर या कोल्हापूरच्या हुशार मुलीने मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतले. पुढील शिक्षणासाठी दरबाराच्या मदतीने त्या परदेशी गेल्या. परत आल्यावर त्यांनी याच थोरल्या दवाखान्यात स्त्रियांवर इलाज केले.

दुसरी अडचण याहून कठीण होती. अस्पृश्य मानलेल्या रोग्यांना सरकारी दवाखान्यांतही दूर ठेवले जाई. आजारी माणसाला औषधाआधी जात विचारायची, याहून मोठा जुलूम तो कोणता? १९१९ साली महाराजांनी वैद्यकीय खात्याला हुकूम दिला की, अस्पृश्य रोग्यांनाही इतरांसारखेच प्रेमाने वागवावे. नुसता हुकूम काढणे सोपे असते. तो दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही. महाराजांना हे माहीत होते. म्हणून त्यांनी पुढे लिहिले की, ज्या नोकरांना हे मान्य नसेल त्यांनी राजीनामा द्यावा, आणि अशांना पेन्शनही मिळणार नाही.

(दवाखाना, इलाज, जुलूम, हुकूम, रयत हे शब्द तुम्हांला घरचेच वाटले असतील.)

६ मे १९२२ रोजी, अवघ्या ४८व्या वर्षी, मुंबईत महाराजांचे निधन झाले. थोरल्या दवाखान्याशी जोडलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.