बैलाच्या मेंदूने दिलेला पुरावा

भाईंदर पूर्वेच्या खारीगावातल्या एखाद्या घरचा कुत्रा अचानक मागचे पाय ओढू लागला, तर साध्या एक्स-रेवरून नेहमीच उलगडा होत नाही. मणक्यातली चकती सरकून मज्जारज्जू नेमका कुठे दाबला गेला आहे, हे शोधण्यासाठी पशुवैद्य सीटी स्कॅन सुचवतात. माणसांचे यंत्र जनावरांना, असे अनेकांना वाटते. पण या यंत्राची सुरुवातीची पारख झाली ती बैलाच्या मेंदूवर आणि डुकराच्या शरीरावरही. ती करणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे डॉक्टर नव्हते, अभियंता होते.

२८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडिलांची शेती होती. शेतावरची यंत्रे न्याहाळण्यात आणि गवताच्या गंजीवरून घरगुती ग्लायडरने उडी मारण्यात मुलाचे दिवस जात. शाळेत त्यांना गोडी होती ती फक्त गणित आणि भौतिकशास्त्राची. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात रडार शिकले आणि शिकवूही लागले. पुढे विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन ते ईएमआय कंपनीत रुजू झाले. तिथे त्यांच्या नेतृत्वाखाली ट्रान्झिस्टरवर चालणारा मोठा संगणक तयार झाला.

१९६७ मध्ये त्यांच्या मनात एक कल्पना आली. साध्या एक्स-रेत पुढचे-मागचे सारे एकमेकांवर पडून एकच सावली उमटते. तीच किरणे अनेक कोनांतून सोडली, प्रत्येक वेळी किती आरपार गेली ते मोजले आणि संगणकाकडून गणित सोडवून घेतले, तर शरीराचा आडवा काप न कापताच दिसू शकेल. पहिल्या प्रयोगात सुमारे २८,००० मोजमापे घ्यायला नऊ दिवस लागले. एक्स-रे नळी बसवल्यावर हा वेळ नऊ तासांवर आला.

रसायनात जतन केलेल्या मानवी मेंदूचे चित्र उत्तम आले. पण खरी कसोटी पुढे होती. रसायनामुळेच पेशींमधले फरक ठळक दिसत होते. जिवंत माणसात ते तसे दिसले नसते, तर सारी मेहनत वाया गेली असती. म्हणून हाउन्सफील्ड यांनी बैलाचे ताजे मेंदू तपासले. फरक फिके झाले, पण रचना स्पष्ट दिसली. डुकराच्या शरीराचे मूत्रपिंडाजवळचे कापही त्यांनी टिपले. कल्पना टिकली.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्ण महिलेचा मेंदू या यंत्राने पाहिला गेला आणि त्यातली गाठ दिसली. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. कॉर्मॅक यांनी हे गणित आधीच स्वतंत्रपणे मांडले होते. हाउन्सफील्ड अविवाहित राहिले, साधेपणाने जगले आणि १२ ऑगस्ट २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव मात्र रोज वापरात आहे. सीटीतली घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. पाणी शून्य, हवा उणे १०००, तर हाड शेकड्यांत किंवा त्याहून वर. माणूस असो वा मांजर, मोजपट्टी तीच.

फरक आहे तो तयारीत. माणसाला स्थिर राहा असे सांगता येते, जनावराला नाही. म्हणून बहुतेक वेळा त्याला भूल किंवा गुंगीचे औषध द्यावे लागते. त्याआधी रक्ताची आणि हृदयाची तपासणी होते आणि किती तास उपाशी ठेवायचे ते पशुवैद्य सांगतात. स्कॅन मात्र काही मिनिटांत आटोपतो. नाकातली गाठ, कानाच्या आतला संसर्ग, फुफ्फुसात पसरलेला कर्करोग, कमरेच्या हाडाचा गुंतागुंतीचा मोड यांत तो विशेष उपयोगी ठरतो. खुद्द मज्जारज्जूचा किंवा मेंदूचा बारकावा हवा असेल, तर एमआरआय अधिक सरस.

पाय लुळे पडलेल्या कुत्र्याच्या बाबतीत वेळ फार मोलाचा असतो. पायाची संवेदना शाबूत असताना उपचार झाले, तर तो पुन्हा चालू लागण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. त्यामुळे चार दिवस वाट पाहू नये, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. बैलाच्या मेंदूने माणसाला दिलेले हे साधन आता जनावरांच्या कामी येत आहे.