कर्मवीर भाऊराव पाटील आणि वसतिगृहाचे नियम

दरवर्षी जून महिन्यात आठवीच्या प्रवेशासाठी पालक येतात, तेव्हा अर्जासोबत त्यांच्या हाती शाळेची नियमपत्रिका दिली जाते. तिच्यातील बहुतेक कलमांवर कोणी अडत नाही. मोबाईल वापरावयाचा नाही, ठरलेल्या रविवारीच भेट घ्यावयाची, सणासुदीला परवानगीवाचून मुलाला न्यावयाचे नाही, दहावीच्या परीक्षेस बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के उपस्थिती भरावी लागते, हे सारे समजुतीने मान्य होते. गाडी अडते ती एकाच कलमावर. खोली, वर्ग, भोजनगृह आणि स्वच्छतागृह यांची सफाई विद्यार्थ्यांनी आळीपाळीने करावयाची आहे, असे ते कलम.

गेल्या वर्षी शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत ओतकाम करणारे एक पालक या कलमाशी येऊन थांबले. आपल्या आजोबांच्या हाती गावाने झाडू दिला, वडिलांनी तो टाकून गाव सोडले, आणि आता नातवाच्या मुलाच्या हाती तो शाळाच देणार काय, असे त्यांनी मला विचारले. प्रश्नात राग नव्हता, म्हणून तो अधिक लागला. मी स्वतः ज्या शाळेत शिकलो तेथे वर्ग झाडण्याची पाळी फक्त आमच्या वस्तीतील मुलांवर येत असे. तेही नियम म्हणूनच सांगितले जाई. त्यामुळे त्या पालकांना दोन वाक्यांत उत्तर देणे मला जमले नाही. जे सांगावयाचे राहिले ते येथे एका चरित्राच्या आधाराने सांगतो.

ते चरित्र दूरचे नाही. आपली शिरोली ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील माणगावी मार्च १९२० मध्ये छत्रपती शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले, हे आपल्या प्रत्येक घरी ठाऊक आहे. त्याच तालुक्यातील कुंभोज या गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला, हे मात्र आपली मुले परीक्षेपुरतेच लक्षात ठेवतात. घराणे जैन शेतकऱ्याचे, मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील सरकारी महसूल खात्यात कारकून होते व त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाची शाळा बदलत राहिली. विटे येथे असताना विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत, हे पाहून या मुलाने तेथील रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. स्वभावाचा अंदाज येण्यास ती पुरेशी आहे.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले आणि राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले. राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. त्या काळी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. मराठ्यांचे, जैनांचे, मुसलमानांचे, लिंगायतांचे अशी ती वेगवेगळी होती. आज हे पाहून कोणी नाक मुरडील. पण ज्या काळी एका जातीचा बाप दुसऱ्या जातीच्या पंक्तीस मुलाला बसवावयास तयार नव्हता, त्या काळी खेड्यातील मूल शहरात आणून त्याला हायस्कुलात बसविण्याचा हाच मार्ग मोकळा होता. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी या व्यवस्थेला पहिली पायरी मानतो. दुसरी पायरी त्याच वसतिगृहांपैकी एकातून बाहेर काढलेल्या मुलाने बांधली.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्याच्या उद्घाटनास भाऊराव गेले. जैन बोर्डिंगाचा नियम असा की, तेथून परतणाऱ्याने स्नान केल्यावाचून आत येऊ नये. अण्णासाहेब लठ्ठे हे तेव्हा बोर्डिंगाचे अधीक्षक होते. विद्वान, सार्वजनिक कार्यात आघाडीवर असलेले गृहस्थ. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला. नियम मोडल्याबद्दल त्यांना बोर्डिंगातून काढून टाकण्यात आले व शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांचे पुढील दिवस गेले.

भाऊराव बेशिस्त होते म्हणून हे घडले, असा अर्थ कोणी काढू नये. पहाटे उठण्याचा किंवा अभ्यासाला बसण्याचा नियम त्यांनी मोडला असता तर ती गोष्ट वेगळी होती. येथे नियमाच्या पोटात माणसाचा विटाळ दडलेला होता. बाकीचे नियम पाळता पाळता हाही पाळला जात होता, कारण तो छापील होता आणि तो कोणासाठी आहे, हे विचारण्याची पद्धत नव्हती. बुद्धांच्या विनयात प्रत्येक नियमाआधी तो का करावा लागला याची कथा येते, हे आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. जैन बोर्डिंगाच्या त्या नियमाची कथा सांगावयाची ठरविली असती, तर ती सांगणाऱ्यालाच लाज वाटली असती.

या प्रसंगाची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. पुढे १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले आणि संशय लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून दरबारच्या पोलिसांनी भाऊरावांना पकडले, छळले. ज्या माणसाने आपल्याला वसतिगृहाबाहेर काढले त्याच्यावर सूड घेण्याची संधी अशी घरी चालून आली होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. कोठडीतील छळाला कंटाळून त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटे बोलले नाहीत.

अभ्यासात ते हुशार नव्हते, हेही पालकांना सांगितले पाहिजे. इंग्रजी सहावीत त्यांची गाडी गणितावर अडली. त्यांना वरच्या वर्गात घालावे असा शब्द खुद्द महाराजांकडून गेला, तेव्हा शिक्षकांनी, हा विद्यार्थी ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ वर चढवीन, पण याला चढविणार नाही, असा निरोप धाडल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. राजाच्या शब्दापुढेही त्या गुरुजींनी गुणपत्रिका बदलली नाही, याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. नववीच्या निकालानंतर पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. भाऊरावांचे शालेय शिक्षण तेथेच संपले.

याच सुमारास इस्लामपूर येथे एक महार मुलगा शाळेच्या वर्गाबाहेर बसून शिकत असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी त्याला घरी नेले, आपल्याबरोबर जेवू घातले आणि कोल्हापुरास आणून मिस क्लार्क बोर्डिंगात दाखल केले. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. बाबासाहेब १९२० साली शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेल्यावर ‘मूकनायक’ची धुरा सांभाळणारे आणि पुढे मुंबई कायदे कौन्सिलात बसलेले घोलप ते हेच.

पोटासाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची एजन्सी घेतली. आमच्या पालकांपैकी ज्यांचे हात रोज साच्याच्या वाळूत असतात, त्यांना सांगण्यास हरकत नाही की ते बिडाचे नांगर खपविण्यासाठी गावोगाव फिरतानाच या माणसाला बहुजनांच्या अज्ञानाचा खरा नकाशा दिसला. दूधगाव येथे १९१० मध्येच त्यांनी मित्रांसह विद्यार्थी आश्रम काढला होता. घरातील बायकांनी दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला ठेवावे व ते मुलांच्या जेवणासाठी द्यावे, अशी तेथील सोय होती. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले. त्याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भीमरावाचे नाव शाळेच्या दप्तरात नोंदले गेले होते.

साताऱ्याच्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले; २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते नामकरण झाले. परंतु महाराजांच्या काळातील वसतिगृहांहून हे एका बाबतीत अगदी निराळे होते. येथे जातवार इमारती नव्हत्या. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, रामोशी अशी सारी मुले एका छपराखाली राहत आणि एका पंक्तीस जेवत. आणि कामाची वाटणी जातीने होत नसे. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट, शेतात राबणे, बांधकामाला दगडमाती वाहणे हे सर्वांनी करावयाचे. ज्याच्या घरी झाडू कधी हातात धरला गेला नव्हता त्या पाटलाच्या मुलालाही पाळी आली की अंगण झाडावे लागे, आणि ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्या मुलाने लाटलेली भाकरी त्या पाटलाच्या मुलाच्या ताटात पडे. त्या काळच्या सातारा जिल्ह्यात एवढ्याशा गोष्टीवर पालकांची तोंडे फिरत. काही मुलांना घरी परत नेले जाई, हे सहज समजण्यासारखे आहे.

माझ्या त्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. झाडू तोच असतो. तो पिढ्यान्‌पिढ्या एकाच्याच हाती ठेवला तर ती गुलामी, आणि पाळीपाळीने सर्वांच्या हाती दिला तर त्याच झाडूने जात झाडली जाते. मात्र त्यासाठी पाळीच्या तक्त्यात एकही सूट असता कामा नये. आमच्या भोजनगृहाच्या भिंतीवर तो तक्ता लावलेला आहे; त्यात शिक्षकांची नावेही आहेत आणि मंगळवारी माझे आहे. पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी तो तपासून पाहावा. आपल्याच मुलाचे नाव वारंवार येते असे दिसले, तर कार्यालयात न जाता सरळ माझ्याकडे यावे.

भाऊरावांचे नियम आधी त्यांच्या घरात लागू झाले, हे विसरता येत नाही. पत्नी लक्ष्मीबाई कुंभोजच्याच. माहेरचे वळण सोवळ्याओवळ्याचे. सुरुवातीस या मुलांच्या गोतावळ्यात वावरणे त्यांना जड गेले. पण नंतर त्याच सर्व जातींच्या मुलांची आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपले आणि भाऊराव दौऱ्यावर असले, की एकेक दागिना जाई. शेवटी मंगळसूत्रही गेले. ३० मार्च १९३० रोजी त्यांचे निधन झाले. कर्मवीरांच्या चरित्रात त्यांना दोन परिच्छेद मिळतात, मीही येथे एकच देत आहे, आणि ही उणीव मला खटकते.

१९३२ मध्ये पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. त्या कराराकडे आपण ज्या वेदनेने पाहतो तिच्यात त्यामुळे काही फरक पडत नाही. पण करारावर सह्या करून घरी गेलेल्यांपेक्षा मुलांना एकत्र जेवू घालणारा माणूस मला जवळचा वाटतो.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल सुरू झाले. श्रम करावेत आणि शिकावे, ही त्याची अट. गरीब पालकाकडून फी घ्यावयाची नाही, पण मुलाला फुकट जेवल्याची लाजही वाटू द्यावयाची नाही, असा दुहेरी विचार त्यामागे होता. दान घेऊन शिकलेले मूल मान खाली घालून बाहेर पडते, राबून शिकलेले तसे पडत नाही. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. गांधीहत्येनंतर सरकारचा रोष ओढवून अनुदान बंद झाले तेव्हाही शाळा बंद पडल्या नाहीत. शिक्षकांनी अर्ध्या पोटी शिकविले आणि गावांनी धान्य दिले.

संस्थेचे चिन्ह वटवृक्ष. त्या वृक्षाखाली वाढलेली माणसे पुढे कलेक्टर झाली, कुलगुरू झाली, मंत्री झाली. त्यांची यादी येथे देत नाही, कारण यादीत न आलेले, जे नुसते साक्षर होऊन बाजारात फसविले जाण्याचे थांबले, ते संख्येने कितीतरी अधिक आहेत.

इंग्रजी सहावीत अडलेल्या या विद्यार्थ्यास १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली आणि त्याच वर्षी भारत सरकारने पद्मभूषण. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. दर वर्षी आठवीची सहल आम्ही तेथे नेतो. तो परिसर झाडण्याचे काम त्या दिवशी आमची मुले मागून घेतात, आणि गेल्या वर्षी त्यांच्यात त्या ओतकाम करणाऱ्या पालकांचा मुलगाही होता.