दोन बोटांचा जँगो आणि कमी ताणाच्या तारा

नवीन अकूस्टिक गिटार घेतली की पहिल्याच आठवड्यात डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलवटतात. मग एक जण सांगतो, कमी ताणाच्या, म्हणजे लो टेन्शन स्ट्रिंग्स लाव. दुसरा म्हणतो, छे, हलक्या तारा म्हणजे शिकाऊ लोकांचं काम, आवाज पातळ येतो. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो आणि बरीचशी गिटार शेवटी कपाटावर जाऊन बसते.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, गिटार ही हौस. हा गोंधळ सोडवायला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट एका माणसाच्या आयुष्याची आहे. त्या माणसाच्या डाव्या हाताची दोनच बोटं धड चालायची, आणि तरीही तो युरोपातला सर्वात मोठा जॅझ गिटारवादक मानला जातो. नाव जँगो राइनहार्ट. आज त्याची गोष्ट बघू, आणि अधेमधे थोडं गणितही करू.

तांड्यातलं पोरगं

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० चा, बेल्जियममधल्या लिबेर्शी या गावचा. कागदोपत्री नाव जाँ राइनहार्ट. घरचे लोक मानूश, म्हणजे रोमानी समाजातले. घोडागाडीवरच्या लाकडी घरातून गावोगाव फिरणारा तांडा. रोमानी भाषा आपल्या भारतीय-आर्य कुळातली. कानाला ते लोकही कानच म्हणतात. जँगो या नावाचा अर्थ 'मी जागतो' असा सांगितला जातो. आपल्या 'जाग' शब्दाशी त्याचं नातं लगेच जाणवेल.

पुढे कुटुंब पॅरिसच्या वेशीबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात येऊन राहिलं. शाळा जवळजवळ नाहीच, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बाराव्या वर्षाच्या आसपास हातात सहा तारांचा बॅन्जो आला आणि मोठ्या लोकांची बोटं बघून बघून पोरगं वाजवायला लागलं. थोड्याच वर्षांत तो पॅरिसच्या नाचघरांमध्ये अकॉर्डियनवाल्यांना साथ करू लागला. १९२८ मध्ये त्याची पहिली रेकॉर्डिंग झाली. त्याच वर्षी जॅक हिल्टन या नावाजलेल्या इंग्रज बँडप्रमुखाने त्याला ऐकलं आणि काम देऊ केलं. वय वर्षं अठरा, आणि पुढचा रस्ता मोकळा.

एका रात्रीत सगळं बदललं

१९२८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर जँगो रात्री उशिरा कार्यक्रम आटोपून आपल्या गाडीत परतला. त्याची बायको बेला विकण्यासाठी सेल्युलॉइडची फुलं बनवायची आणि गाडी त्या फुलांनी भरलेली होती. मेणबत्तीची ज्योत फुलांना लागली. सेल्युलॉइड किती भयंकर पेटतं हे जुन्या सिनेमाच्या रिळांमुळे अनेकांना माहीत असेल. क्षणात गाडी पेटली. दोघं जिवानिशी बाहेर पडले, पण जँगोचा उजवा पाय आणि डावा हात वाईट भाजला.

डॉक्टर पाय कापायचं म्हणत होते, त्याने साफ नकार दिला. पाय वाचला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र आखडून आत वळली ती कायमची. सावरायला जवळपास दीड वर्ष गेलं. हिल्टनकडचं काम अर्थातच हातचं गेलं.

त्याचा भाऊ जोसेफ स्वतः गिटार वाजवायचा. त्याने जँगोला एक गिटार आणून दिली. अंथरुणात पडल्या पडल्या जँगोने वाद्य पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतलं. मी इथे थोडा थांबतो, कारण इंजिनिअर म्हणून मला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. चार बोटांसाठी बनलेली पद्धत दोन बोटांवर चालणार नव्हती. त्याने सगळी रचनाच बदलली. बोटं तारांवर आडवी पसरण्याऐवजी तो तर्जनी आणि मधल्या बोटाने गळ्यावर, म्हणजे नेकवर, खालीवर धावू लागला. कॉर्ड धरताना आखडलेली बोटं वरच्या बारीक तारांवर जमेल तेवढी टेकवायची. एकल वादन सगळं दोन बोटांवर.

आता जरा गणित

दोन बोटं चार बोटांचं काम करणार म्हणजे प्रत्येक बोटावर भार वाढणार. हा भार येतो कुठून? तारेच्या ताणातून. ताण तीन गोष्टींवर ठरतो: तारेचं दर मीटर वजन, तारेची कंप पावणारी लांबी आणि सूर किती उंच आहे ते. सूत्र असं:

ताण = दर मीटर वजन × (२ × लांबी × वारंवारता) चा वर्ग

नेहमीच्या अकूस्टिक गिटारवर ही लांबी साधारण ६४८ मिलिमीटर असते. पहिली तार ई सुराला, म्हणजे सुमारे ३३० हर्ट्झला लावतात. पाकिटावरचा आकडा हा पहिल्या तारेचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात. १२ चा संच म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच. पोलादाची घनता घालून हिशेब केला की पहिल्या तारेचा ताण असा येतो:

१२ ची तार: सुमारे १०.६ किलो
११ ची तार: सुमारे ९ किलो
१० ची तार: सुमारे ७.४ किलो

बघा, १२ वरून १० वर आलो तर जाडी फक्त सतरा टक्क्यांनी कमी झाली, पण ताण तीस टक्क्यांनी उतरला. कारण वजन व्यासाच्या वर्गावर चालतं. १२ च्या पूर्ण संचात सहा तारा मिळून गिटारवर सत्तर किलोहून जास्त ओढ असते. एक अख्खा माणूस ब्रिजला लटकल्यासारखं!

सेल्मर: हलक्या तारांसाठी जन्मलेली गिटार

मग हलक्या तारांनी आवाज पातळ होतो ही तक्रार खोटी का? तशी खरी आहे. हलकी तार लाकडाला कमी ऊर्जा देते. जँगोच्या बाबतीत उत्तर गिटारमध्ये आणि उजव्या हातात होतं.

१९३२ मध्ये मारिओ माकाफेरी या इटालियन वादक-कारागिराने पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी एक वेगळी गिटार बनवली. ही कंपनी सॅक्सोफोनसाठी प्रसिद्ध. माइक-अॅम्प्लिफायर सर्रास नसलेल्या काळात बँडच्या गोंगाटातून गिटार ऐकू यावी हा हेतू. वरची फळी पातळ, आणि तारा ब्रिजला खिळवण्याऐवजी मेंडोलिनसारख्या मागच्या टेलपीसला अडकवलेल्या. पातळ फळी हलवायला कमी ताकद पुरते, म्हणून हलक्या तारांवरही ती टोकदार, मोठा आवाज देते. नंतरच्या मॉडेलमध्ये तारेची लांबी ६७० मिलिमीटर झाली. वरच्या सूत्रात टाकून बघा: लांबी वाढल्याने त्याच तारेचा ताण सात टक्क्यांनी वाढतो. १० ची तार ७.४ वरून ७.९ किलोवर जाते, म्हणजे तार हलकी ठेवूनही ढिली पडत नाही. या शैलीचे वादक आजही अशा गिटारवर १० किंवा ११ चे संच लावतात. त्यातल्या जाड तारांवर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचं वेष्टन असतं.

नशीब बघा, १९३३ मध्ये माकाफेरीच्याही हाताला अपघात झाला आणि त्याची मैफिलीची कारकीर्द थांबली. पुढे अमेरिकेत त्याने प्लॅस्टिकच्या उकुलेल्यांचा मोठा व्यवसाय उभा केला.

जँगोचा उजवा हात धडधाकट होता आणि त्याने तो पुरेपूर वापरला. मोकळं मनगट, कडक जाड पिक, आणि वरून खाली मारलेला जोरदार आघात. डाव्या हाताचं ओझं कमी करायचं आणि आवाजाची जबाबदारी उजव्या हाताकडे द्यायची, अशी ही वाटणी.

१९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर 'हॉट क्लब ऑफ फ्रान्स'चा पाच जणांचा ताफा तयार झाला. एक व्हायोलिन, तीन गिटार, एक डबल बास. ड्रम नाहीत, ट्रम्पेट नाही. जॅझ फक्त तारांवर उभा करणारा हा ताफा युरोपभर गाजला.

युद्ध आणि नंतर

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा ताफा लंडनमध्ये होता. ग्रापेली तिथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. नाझी राजवटीत रोमानी लोकांना छळछावण्यांत पाठवून मारलं जात होतं. जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये जँगो रोमानी असूनही वाजवत राहिला. १९४० मध्ये त्याची सर्वात प्रसिद्ध रचना 'न्वाज', म्हणजे ढग, रेकॉर्ड झाली. १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडला पळून जायचा प्रयत्न केला, तो फसला. तरीही तो वाचला.

१९४६ मध्ये ड्यूक एलिंग्टनबरोबर त्याने अमेरिकेचा दौरा केला, तिथे इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली. १९५१ पासून तो सीन नदीकाठच्या सामुआ गावात राहू लागला. १६ मे १९५३ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. वय फक्त ४३. त्याची ५०३ क्रमांकाची सेल्मर गिटार आज पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे.

गोष्ट तिथे संपली नाही. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या पोराची दोन बोटांची टोकं मशीनमध्ये तुटली. तोही गिटारवादक, आणि वाद्य सोडायच्या विचारात. फोरमनने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली आणि मग सांगितलं की हा माणूस दोन बोटांनी वाजवतोय. आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या. हलक्या गिटार तारा सहज मिळत नव्हत्या, म्हणून बॅन्जोच्या तारा लावल्या. पुढे 'ब्लॅक सॅबथ'च्या १९७१ च्या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. सूत्राप्रमाणे त्याने ताण २९ टक्क्यांनी कमी होतो. हेवी मेटलचा तो जड आवाज अशा ढिल्या तारांवर वाढला.

तुमच्या गिटारसाठी

आता हे सगळं आपल्या कामाचं कसं?

एक, आधी तारांची उंची तपासा. बोटाला लागणारा जोर ताण आणि उंची या दोन्हींवर अवलंबून असतो. तार फ्रेटपासून फार वर असेल तर १० चा संचही दुखणारच. दुकानातल्या कारागिराकडून सेटअप करून घ्या.

दोन, १२ चा संच असेल तर एकदम १० वर उडी न मारता ११ लावून बघा. ताण साधारण सोळा टक्क्यांनी कमी होईल आणि आवाज फारसा जाणार नाही.

तीन, खूपच मऊ हवं असेल तर सिल्क अँड स्टील तारा बघा. त्यांच्या जाड तारांमध्ये पोलादाच्या गाभ्याभोवती रेशमी किंवा तशाच धाग्याचा थर असतो. आवाज सौम्य होतो, बोटांनी छेडणाऱ्यांना तो आवडतो.

चार, खर्च शून्य: आहे त्याच तारा अर्धा स्वर खाली लावा. ताण अकरा टक्क्यांनी उतरतो. गाताना पहिल्या फ्रेटला कॅपो लावला की मूळ पट्टी परत मिळते.

पाच, हलक्या तारा लावल्यावर नेक थोडी सरळ होते आणि तार फ्रेटला घासून खरखर येऊ शकते. ट्रस रॉड किंचित सैल करून ते सुधारतं. स्वतः कधी केलं नसेल तर पहिल्यांदा जाणकाराकडून करून घ्या.

सहा, क्लासिकल गिटारला पोलादी तारा कधीच लावू नका, अगदी हलक्याही नाही. तिची बांधणी नायलॉनच्या ताणासाठी असते, ब्रिज उखडू शकतो.

हलक्या तारा घेताना कुणी शिकाऊ म्हटलं तर मनावर घेऊ नका. जँगोने आपला हात कसा आहे ते आधी पाहिलं आणि वाद्य, तारा, पिक, वाजवण्याची पद्धत हे सगळं त्या हाताभोवती बसवलं. तुम्हीही आपल्या हाताकडे बघून पाकीट निवडा, आणि जोर पिक धरणाऱ्या हाताला लावू द्या.