कुलूप आणि किल्ली : रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर

एका कुलपाला दुसऱ्याच कुलपाची किल्ली लावून पाहण्याचा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांवर आला असेल. किल्ली दिसावयास तशीच, लांबीही तेवढीच. परंतु एका दात्याचा फरक असतो आणि कुलूप काही केल्या उघडत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंच्या सृष्टीतही असाच नियम चालतो, हे एमिल फिशर यांनी ओळखले. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी जर्मनीतील कोलोनजवळच्या ऑयस्किर्शेन या गावी एका सधन व्यापाऱ्याच्या घरी झाला. मुलाने घरचा लाकडाचा व्यापार सांभाळावा, अशी वडिलांची इच्छा होती. पण मुलाचे मन व्यापारात रमेना. अखेर वडिलांनी हट्ट सोडला आणि १८७१ साली तो बॉन विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याचा ओढा पदार्थविज्ञानाकडे होता; रसायनशास्त्र सोडून द्यावे, असेही त्याच्या मनात येई. परंतु ओटो या चुलतभावाने त्याचे मन वळविले आणि पुढील वर्षी तो स्ट्रासबर्गला गेला. तेथे अ‍ॅडॉल्फ फॉन बायर यांच्यासारखा गुरू लाभला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. १८७४ साली त्याने डॉक्टरेट मिळविली.

१८७५ साली फिशर यांनी फेनिलहायड्रेझीन नावाचे द्रव्य शोधून काढले. त्या काळी शर्करांचा अभ्यास म्हणजे मोठे दिव्यच होते. प्रयोगशाळेत त्यांचे स्फटिक सहसा होत नसत. काकवीसारखा चिकट पाक तेवढा हाती येई. फेनिलहायड्रेझीन मिसळले असता मात्र शर्करेपासून पिवळे, सुबक स्फटिक मिळतात, हे फिशर यांना १८८४ साली आढळले. ग्लुकोज, मॅनोज आणि गॅलॅक्टोज या शर्करांत अणू तेच आणि तितकेच असतात. भेद असतो तो केवळ त्यांच्या मांडणीचा. ही ग्लुकोजची मांडणी त्यांनी १८९१ साली निश्चित केली. ना आजची यंत्रे, ना गणकयंत्र; केवळ प्रयोग आणि तर्क यांच्या बळावर हे साधले.

१८९२ साली ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ग्लुकोजला मिथिल अल्कोहोल जोडले असता दोन द्रव्ये मिळतात. ती एकाच ठिकाणच्या जोडणीच्या दिशेने तेवढी भिन्न असतात. यीस्टच्या अर्काने त्यांपैकी एक फुटे, दुसरे फुटत नसे. बदामातील एमल्सिन दुसऱ्याला फोडी, पहिल्याला स्पर्शही करीत नसे. यावरून फिशर यांनी अनुमान केले की, विकर आणि ज्यावर ते कार्य करते तो रेणू, हे कुलूप-किल्लीप्रमाणे एकमेकांत बसले पाहिजेत.

असे का व्हावे, याचा उलगडा पुढे झाला. दोन रेणूंना जवळ धरणारे बंध बहुधा दुर्बळ असतात आणि अगदी निकट आल्यावरच प्रभावी होतात. आकार जुळला तरच असे अनेक बंध एकदम जुळतात व पकड बसते. १९५८ साली कोशलँड यांनी दाखविले की, हे कुलूप ताठर नसते. हातमोजा हातावर चढताना आकार घेतो, तसे विकरही थोडे बदलते. रेणूंची ही ओळख कृत्रिम रीतीने घडवून आणणाऱ्या पेडरसन, क्रॅम आणि लेन या तिघांना १९८७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वतः फिशर यांना शर्करा आणि प्यूरिन यांवरील कार्यासाठी १९०२ साली हेच पारितोषिक लाभले होते. चहा-कॉफीतील कॅफीन त्यांनी प्रयोगशाळेत तयार केले. प्रथिनांची घटकद्रव्ये एकास एक जोडीत १९०७ साली त्यांनी अठरा घटकांची साखळी सिद्ध केली.

परंतु या यशाची किंमतही मोठी होती. ज्या फेनिलहायड्रेझीनने शर्करांचे दार उघडले, तेच विषारी असल्याने त्यांच्या प्रकृतीला कायमचे ग्रासून राहिले. १८९५ साली पत्नी निवर्तली आणि तीन लहान मुले मागे राहिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांपैकी दोघे मृत्यू पावले. दुःखाने आणि कर्करोगाने खचलेले फिशर १५ जुलै १९१९ रोजी बर्लिन येथे कालवश झाले. मागे उरलेला ज्येष्ठ पुत्र हर्मान पुढे पित्याच्याच वाटेने जाऊन शर्करांचा अभ्यासक झाला. आपल्या संपत्तीचा मोठा भाग फिशर यांनी तरुण रसायनशास्त्रज्ञांच्या साहाय्यासाठी ठेवला होता.

विद्यार्थिमित्रांनो, आपण घास चघळतो तेव्हा लाळेतील विकर त्यातील पिष्ट ओळखून फोडू लागते आणि म्हणूनच भात किंवा भाकरी चावता चावता गोड लागते. पुढच्या वेळी ती गोडी जिभेवर आली की, काकवीसारख्या पाकातून पिवळे स्फटिक काढीत बसलेल्या आणि त्यापायी आपली प्रकृती गमावलेल्या या अभ्यासकाचे क्षणभर स्मरण करा.