एकवीस नंबर

पिट्सबर्गला येऊन मला पंचवीस वर्षं होऊन गेली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या लोकांनी माझ्या 'सुलभा'ची 'सू' करून टाकली. मराठी घरात सू म्हणजे काय, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार! नवरा पोट धरून हसला. मी मात्र कित्येक महिने मुकाट्याने त्या नावाला ओ देत राहिले.

आमच्या डाउनटाउनमधून स्टेडियमकडे जाणारा एक पिवळा पूल आहे, रोबेर्तो क्लेमेंतेच्या नावाचा. बेसबॉलची मॅच असली की तो गाड्यांना बंद करतात आणि लोक चालत पलीकडे जातात. हा माणूस कोण, म्हणून एकदा वाचायला घेतलं, तर कळलं की त्याचंही नाव असंच छाटलं होतं. रोबेर्तोचा 'बॉब'. रेडिओवर बॉब, पेपरात बॉब, मुलं जमवतात त्या खेळाडूंच्या कार्डांवरही वर्षानुवर्षं बॉब. फरक एवढाच की त्याने ते निमूट ऐकून घेतलं नाही. आपलं नाव रोबेर्तो आहे, हे तो सांगत राहिला.

त्याचा जन्म १९३४चा, पोर्तो रिको बेटावरच्या कॅरोलिना गावचा. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम, आणि हा सात भावंडांतलं शेंडेफळ. आपल्याकडे मुलाच्या नावामागे वडिलांचं नाव येतं, तसं तिकडे शेवटी आईचं माहेरचं आडनाव लावतात. म्हणून पूर्ण नाव रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. रोमन लिपीत मोजा, एकवीस अक्षरं भरतात. पाठीवरचा २१ नंबर त्यावरूनच घेतला म्हणतात.

१९५४ साली ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला दहा हजार डॉलर बोनस देऊन घेतलं आणि मॉन्ट्रियलच्या दुय्यम टीममध्ये ठेवलं. पण नियम असा होता की एवढा बोनस दिलेल्या मुलाला मुख्य टीममध्ये घेतलं नाही, तर दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. पिट्सबर्ग पायरेट्सनी चार हजारांत उचललं! पायरेट्स तेव्हा लीगमध्ये शेवटून पहिले.

पोर्तो रिकोचे लोक १९१७पासून अमेरिकेचे नागरिक, म्हणजे व्हिसा, ग्रीन कार्ड ही आपली भानगड त्याला नव्हती. तरी तो परकाच ठरला. एक तर काळा, त्यात स्पॅनिश बोलणारा. फ्लोरिडात सरावाला गेल्यावर गोरे खेळाडू हॉटेलात जेवत आणि काळ्यांनी बसमध्ये बसून राहायचं. वार्ताहर त्याचं इंग्रजी उच्चारांसकट छापून मजा घ्यायचे. आपल्या ॲक्सेंटवर कोणी हसलं की कसं वाटतं, ते वेगळं सांगायला नको. पाठ दुखते म्हणाला तर नाटकं करतो म्हणून लिहायचे, आणि १९५४मध्येच एका दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने त्याच्या गाडीला धडक दिली होती!

१९६०मध्ये पायरेट्सनी बलाढ्य यांकीजना हरवून वर्ल्ड सीरिज जिंकली. सातही मॅचमध्ये याची बॅट चालली. पण त्या मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो आठवा आला. हे त्याला फार लागलं. ते उट्टं त्याने खेळातूनच काढलं. १९६१ ते १९६७मध्ये चार वेळा बॅटिंगमध्ये लीगमध्ये पहिला, १९६६ला तो सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळाला, आणि फील्डिंगसाठी सलग बारा वर्षं गोल्ड ग्लव्ह. आपल्या क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर बाउंड्रीवरून थेट स्टंपवर थ्रो मारणारा माणूस.

लग्न गावातल्याच व्हेराशी, १९६४ला. तिन्ही मुलगे पोर्तो रिकोतच जन्मावेत, असा त्याचा हट्ट होता. (आपण नेमकं उलटं केलं!)

१९७१ची वर्ल्ड सीरिज त्याने वयाच्या सदतिसाव्या वर्षी गाजवली. पुन्हा सातही मॅचमध्ये हिट. जिंकल्यावर टीव्हीचा माइक समोर आला, तर आधी दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलला. गावाकडे टीव्ही बघत बसलेल्या आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. पाडव्याला फोनवर आईला नमस्कार सांगताना मला हे हमखास आठवतं.

३० सप्टेंबर १९७२ला त्याने कारकिर्दीतला तीन हजारावा हिट मारला. तोवर फक्त दहा जणांना ते जमलं होतं. २३ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. थोडेच दिवस आधी तो तिथे पोर्तो रिकोच्या हौशी टीमचा मॅनेजर म्हणून जाऊन आला होता. त्याने मदत गोळा करून पाठवली. ती हुकूमशहा सोमोसाचे सैनिकच मधल्यामध्ये लाटतायत, असं कानावर आलं. आपण स्वतः गेलो तर माल लोकांच्या हातात पडेल, असं त्याला वाटलं. विमान जुनं डीसी-७, क्षमतेपेक्षा चार हजार पौंडांहून जास्त भरलेलं. ३१ डिसेंबरच्या रात्री उडालं आणि लगेच समुद्रात कोसळलं. पाच माणसं गेली. अडतीस वर्षांच्या रोबेर्तोचा देह कधीच सापडला नाही. टीमचा कॅचर मॅनी सॅनगिएन तर स्मरणसभेलाही गेला नाही. तो त्या वेळी समुद्रात बुड्या मारून त्याला शोधत होता.

हॉल ऑफ फेमसाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. ती अट बाजूला ठेवून १९७३मध्येच त्याला घेतलं. लॅटिन अमेरिकेतून आलेला तो पहिला. पण कूपर्सटाउनला जो ब्राँझचा फलक लावला, त्यावर अमेरिकन पद्धतीने 'वॉकर' मधे घालून रोबेर्तो वॉकर क्लेमेंते असं कोरलं. ते बदलून नवा फलक लावायला २००० साल उजाडलं.