खाणीतला आजार आणि घरातला रेडॉन

जर्मन डॉक्टर गेओर्ग अग्रिकोला (१४९४–१५५५) हे योआखिमस्टाल या चांदीच्या खाणींच्या गावात वैद्य होते. खाणकामगारांचे खोकला-दम्याने झिजणे ते रोज पाहत. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींजवळ तर एकामागून एक सात नवरे या आजारात गमावलेल्या बायका असल्याचे त्यांनी नोंदवले. दोष त्यांनी धुळीला दिला. उपाय मात्र नेमका सांगितला: खाणीत हवा खेळवणारी यंत्रे. त्यांचे खाणकामावरचे पुस्तक मृत्यूनंतर, १५५६ मध्ये छापले गेले.

त्याच भागातल्या श्नीबर्गच्या कामगारांमध्ये हा आजार कर्करोग असल्याचे १८७९ मध्ये दिसले. रेडॉनचे नाव पुढे विसाव्या शतकात आले. हा वायू जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होतो, फरशीच्या फटींतून तुमच्या घरातही शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्ततपासणीत किंवा एक्स-रेमध्ये तो कळत नाही; घरातली हवाच मोजावी लागते, तीही शक्यतो काही महिने. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी आहे १०० बेकरेल प्रति घनमीटर. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर त्या व्यक्तीचा धोका कितीतरी जास्त. परदेशात तळघरात मुलांची झोपायची खोली असेल, तर मोजणी तिथूनच सुरू करा. आकडा जास्त आला तर फटी बुजवून, फरशीखालची हवा नळी आणि पंख्याने छपराबाहेर सोडतात.